गड्डप्पाच्या ताटात काय वाढावे?

पाल आणि सरडा यांच्याशी आपल्या सीमाभागातल्या घरांचे नाते जुने आहे, पण ते पाळण्याचे नव्हे. बोलता बोलता भिंतीवरची पाल चुकचुकली तर बोटाने टकटक करून ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणणारी माणसे मराठी घरांत आहेत, तशीच ‘हल्ली लोचगुट्टतु, मात खरे अद’ म्हणणारी कन्नड घरांतही आहेत. पाल अंगावर पडली तर काय फळ, याचे कोष्टक दोन्हीकडच्या पंचांगांत असते. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या नावामागे किल्ला सर करणाऱ्या घोरपडीची आख्यायिका सांगतात. पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या १९८० साली आलेल्या ‘कर्वालो’ या कादंबरीत तर एक शास्त्रज्ञ आणि त्याचे सोबती ‘हारुव ओती’च्या, म्हणजे उडत्या सरड्याच्या शोधात मलनाडचे जंगल पालथे घालतात.

एवढे असूनही ‘ही जेवते काय?’ हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. ट्यूबलाइटजवळ बसून डास, पतंग टिपणारी पाल आपले आपण बघून घेते. हा प्रश्न पडतो तो सरडा काचेच्या पेटीतून आपल्या घरात येतो तेव्हा. आजकाल बेंगळुरू-पुण्यातच नव्हे, तर बेळगाव, हुबळी, कोल्हापूरकडेही मुले असे प्राणी मागू लागली आहेत. त्यातल्या बहुतेकांचे अन्न म्हणजे जिवंत किडे. शाकाहारी घरात हा विषय निघाला की जेवणाच्या ताटावरच वाद सुरू होतो. आमच्या घरी तो झाला. त्यातून जे शिकायला मिळाले ते इथे मांडते.

माझे माहेर मराठी, सासर कन्नड. बेंगळुरूला असलेला माझा भाऊ नोकरीसाठी परदेशी निघाला आणि त्याचा दोन वर्षांचा सरडा आमच्याकडे आला. हा ‘बिअर्डेड ड्रॅगन’, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. राग आला की हनुवटीखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो, म्हणून त्याला दाढीवाला म्हणतात. नववीत असलेल्या माझ्या मुलीने त्याचे नाव ठेवले ‘गड्डप्पा’. नावावर अत्तीही खूश झाल्या. पण पेटीबरोबर आलेल्या डब्यात वळवळणाऱ्या अळ्या आणि उड्या मारणारे नाकतोडे दिसताच त्यांनी स्पष्ट सांगितले, ‘गड्डप्पा इरली, मन्याग हुळा ब्याडा.’

अत्तींचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. ज्या घरात मुंगीलासुद्धा साखर घालतात तिथे रोज एक जीव मुद्दाम दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा, हे त्यांना पटेना. मुलीचे म्हणणेही खोटे नव्हते. ती म्हणाली, ‘अज्जी, त्याने उपाशी मरायचे का? तीही हिंसाच ना?’ दोघींच्या मध्ये मी. मग आम्ही प्रश्न नीट विचारायचे ठरवले. सरड्याला किडा लागतो की जिवंत किडा लागतो? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सगळे उत्तर या फरकात आहे.

सगळे सरडे एका पंगतीचे नव्हेत

पहिली गोष्ट ही, की ‘सरडा’ म्हणून सरसकट आहार सांगता येत नाही. हिरवा इग्वाना पूर्ण शाकाहारी असतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांवर राहून तो पाने खातो आणि ती त्याच्या मोठ्या आतड्यात आंबून पचतात. त्याला किडे, अंडी, मांस दिले तर कालांतराने मूत्रपिंडे बिघडतात. आपल्या थरच्या वाळवंटातला सांडाही मुख्यतः वनस्पतींवर जगतो. याच्या उलट टोकाला बिबट्या गेको. जगभर पाळला जाणारा हा ठिपक्यांचा प्राणी निव्वळ कीटकभक्षी. त्याच्यापुढे पालेभाजी ठेवली तर तो तिच्यावरून चालत जाईल. आणि पश्चिम घाटातला उडता सरडा मुंग्यांवर गुजराण करतो, त्याला दुसरे काही देऊन जगवायची कल्पनाही करू नये.

न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या क्रेस्टेड गेकोची गोष्ट गमतीची आहे. तो नामशेष झाला असे समजले जात होते, १९९४ साली तो पुन्हा सापडला. पिकलेली फळे, फुलांतला मध आणि किडे असा त्याचा मिश्र आहार. त्याच्यासाठी पाण्यात कालवून द्यायची तयार भुकटी निघाली आणि पिढ्यान् पिढ्या हे गेको मुख्यतः त्या भुकटीवर वाढले. म्हणजे जिवंत किड्याशिवाय सरडा जगतच नाही, हे म्हणणे सरसकट खरे नाही.

आमचा गड्डप्पा या सगळ्यांच्या मधला, मिश्राहारी. या जातीची पिल्ले झपाट्याने वाढतात, त्यांना प्रथिने भरपूर लागतात, म्हणून लहानपणी किड्यांचे प्रमाण जास्त. पूर्ण वाढलेल्या सरड्याला रोज पाला आणि आठवड्यातून दोन-तीनदा किडे पुरतात. पिल्लाएवढे किडे मोठ्याला दिले तर तो लठ्ठ होतो. गड्डप्पा वयात आलेला होता, ही आमच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. पिल्लू असते तर हा प्रयोग मी केला नसता.

जिवंतच का लागतो?

सरडा डोळ्याने शिकार करतो. हललेली वस्तू म्हणजे अन्न, स्थिर वस्तू म्हणजे दगड-माती, असा त्याचा साधा हिशेब. म्हणून मेलेला किडा समोर पडलेला असूनही तो बघत नाही. पण हा सवयीचा भाग आहे, पोटाचा नव्हे. पोटाला जिवंत आणि मेलेला यात फरक कळत नाही. किडा हलता ठेवण्याचे काम चिमट्यानेही होते. शिवाय सरडे जीभ लावून वास-चव घेतात. एकदा चव कळली की पुष्कळ सरडे वाटीतले न हलणारे अन्नही खाऊ लागतात.

जिवंत किड्यांचे काही तोटेही आहेत, हे आम्हाला नंतर कळले. न खाल्लेले नाकतोडे रात्री पेटीत राहिले तर झोपलेल्या सरड्यालाच चावतात. बागेतून, शेतातून पकडून आणलेल्या किड्यांवर औषध फवारलेले असू शकते. ऊस-भाजीपाल्याच्या आपल्या भागात हा धोका मोठा. घरातले झुरळ विषारी गोळी खाऊन आलेले असू शकते. काजवा, ज्याला आपण मिंचुहुळ म्हणतो, तो तर या सरड्याला कधीही देऊ नये. त्याच्या अंगात असे विष असते की एकच काजवा दाढीवाल्या सरड्याचा जीव घेऊ शकतो. पावसाळ्याच्या तोंडी आंबोली-चोर्ला भागात फिरताना मुले हौसेने काजवे पकडतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

जिवंत किड्याचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. त्याला आदल्या दिवशी चांगला पाला, गाजर खाऊ घातले की ते पोषण सरड्याच्या पोटात जाते. वाळलेल्या किड्यात ही सोय नाही आणि पाणीही नाही. जिवंत किड्याच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असते. ही उणीव दुसऱ्या मार्गाने भरून काढावी लागते.

पर्याय कोणते?

बेंगळुरूच्या एका पशुवैद्यांशी आम्ही फोनवर बोललो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर इलाज करणारे डॉक्टर थोडे, म्हणून प्राणी घरी आणण्याआधीच असा डॉक्टर शोधून ठेवावा. त्यांनी सांगितलेले आणि आम्ही वापरून पाहिलेले असे:

वाळवलेल्या ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’च्या अळ्या. ही काळी माशी चावत नाही. तिच्या अळ्या ओल्या कचऱ्यावर वाढवून कोंबड्या आणि माशांचे खाद्य म्हणून विकण्याचा धंदा आपल्या देशातही वाढला आहे. बहुतेक किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असते. सरड्याच्या आहारात ते उलट, फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम असावे लागते. या अळीच्या कातडीत कॅल्शियम साठलेले असते, म्हणून ती इतरांपेक्षा उजवी. देण्याआधी पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात भिजवावी. म्हणजे मऊ पडते आणि पाणीही पोटात जाते.

रेशीम किड्याचे कोशित. हा पर्याय आपल्या मातीतला. देशात सर्वाधिक रेशीम कर्नाटकात पिकते, रामनगरचा कोश बाजार सर्वांना ठाऊक आहे. सूत काढण्यासाठी कोश उकळतात तेव्हा आतला जीव मरतो आणि सूत निघाल्यावर तो मागे उरतो. ओल्या कोशाच्या वजनाचा मोठा भाग हाच असतो. मासे-कोंबड्यांच्या खाद्यात तो जातो. प्रथिने भरपूर, पण चरबीही भरपूर, म्हणून आठवड्यातून एखादे वेळी आणि तुकडे करूनच द्यावा. लवकर खवट होतो, तेव्हा ताजा वाळवलेला आणि औषध न लावलेलाच घ्यावा.

तयार गोळ्या आणि भुकटी. कीटकांचे पीठ, पाला, जीवनसत्त्वे एकत्र करून केलेले खाद्य. गोळ्या भिजवून पाल्यात मिसळता येतात. आम्ही मात्र त्या पाल्याच्या जोडीलाच ठेवल्या.

गोठवलेले किडे. शीतपेटीत ठेवून मारलेले. देताना पूर्ण वितळवून कोमट करावे लागतात. अत्तींना हे मान्य झाले नाही. ‘थंडीत मारले तरी मारलेच की,’ त्या म्हणाल्या. मला उत्तर सुचले नाही.

रेशमाच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. शहापूर-वडगावच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या अत्तींना कोश उकळतात हे माहीत होते, पण आतल्या जिवाचे पुढे काय होते याचा विचार त्यांनी केला नव्हता. मुलीने सांगितले की एका रेशमी साडीला हजारो कोश लागतात. अत्ती बराच वेळ गप्प बसल्या. त्यांच्या पेटीत लग्नातले इरकल आहे, त्याचा पदर रेशमाचा. मग म्हणाल्या, ‘नन सेरगिग सत्तद्दु ह्यांगू सत्तद. इवन होट्टी तुंबली.’ माझ्या पदरासाठी मेले ते मेलेच, निदान याचे पोट तरी भरू दे. मात्र घरात जिवंत किडा येणार नाही, ही अट त्यांनी कायम ठेवली.

यावर मुलीनेही आपली अट घातली. गड्डप्पाचे वजन ३८० ग्रॅम होते. डॉक्टरांनी सांगितले होते की एक दशांशाहून जास्त वजन उतरले तर प्रयोग थांबवा. तिने फळ्यावर लिहिले, ‘३४२’. काटा त्याच्या खाली गेला तर जिवंत किडे आणायचे आणि अज्जीने काही बोलायचे नाही. अत्तींनी मान डोलावली. माझ्या दृष्टीने घरातला हा सगळ्यांत प्रामाणिक करार होता, कारण दोघींनीही हरण्याची तयारी ठेवली होती.

तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात त्याने भिजवलेल्या अळीकडे ढुंकूनही पाहिले नाही. पाला थोडाफार खाल्ला. वजन ३७१. दुसऱ्या आठवड्यात मुलीने रबरी टोकाचा चिमटा घेतला. सकाळी दिव्याखाली तो चांगला शेकून निघाला की ती अळी त्याच्या नाकासमोर थांबत थांबत हलवी, खरा किडा चालतो तशी. त्याने दोनदा जीभ लावली, तोंड फिरवले. वजन ३५९. तिसऱ्या आठवड्याच्या मध्याला ३५२. मुलगी रडवेली झाली, मी दुकानाचा फोन नंबर काढून ठेवला. अत्तीही पेटीसमोर पाट टाकून बसू लागल्या. ‘तिन्नो मारायाऽ,’ अशी त्यांची विनवणी चालायची.

मग एका सकाळी मुलीने अळी भोपळ्याच्या किसात घोळवली. भोपळा त्याच्या आवडीचा. त्याने जीभ लावली, मान तिरपी केली आणि झडप घातली. त्या दिवशी चार खाल्ल्या. पुढच्या पंधरवड्यात चिमटा न हलवताही वाटीतून खाऊ लागला. दोन महिन्यांनी वजन ३७८ वर स्थिरावले. फळ्यावरचा ३४२ चा आकडा आम्ही अजून पुसलेला नाही, कारण दर रविवारी वजन घेणे चालूच आहे.

सगळेच सरडे असे वळतील, असा दावा मी करत नाही. काही वळत नाहीत. तसे झाले तर माघार घ्यायला हवी. उपाशी ठेवून प्राण्याला तत्त्व शिकवता येत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातून

पाल्याच्या बाबतीत आपली मंडई श्रीमंत आहे. शेवग्याचा पाला (नुग्गी सोप्पु), जास्वंदीची पाने-फुले (दासवाळ), तुतीची पाने, थोडी कोथिंबीर, लाल भोपळ्याचा कीस, हे सगळे चालते. पालक, राजगिरा, चुका यांत ऑक्झॅलिक आम्ल जास्त असते आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून ते रोज नको. कांदा-लसूण नको, अ‍ॅव्होकॅडो तर विषासारखे. भात, भाकरी, दूध, पनीर हे लाडाने दिले जाते, पण सरड्याचे पोट त्यासाठी नाही. मांजराचे खाद्य किंवा शिजवलेली कोंबडी ‘किड्याऐवजी’ म्हणून देणारेही आहेत. त्यात चरबी आणि प्रथिने जास्त, कॅल्शियम नाही, आणि त्यातून सांध्यांचे, मूत्रपिंडाचे आजार उद्भवतात.

कॅल्शियमची भुकटी अन्नावर भुरभुरावी लागते. ती साध्या कॅल्शियम कार्बोनेटची, फॉस्फरस नसलेली हवी. जनावरांच्या खनिज मिश्रणात फॉस्फरस असतो, ते चालत नाही. ‘पानाला लावतो तो चुना दिला तर?’ असे शेजारच्या काकांनी विचारले. कदापि नको. तो दाहक असतो, तोंड-आतडी भाजतात.

नुसते कॅल्शियम देऊनही भागत नाही. ते अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवे आणि त्यासाठी उन्हातले अतिनील किरण किंवा तसा खास दिवा हवा. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते किरण जवळजवळ नसतात. हे चुकले की हाडे मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय वाकतात. ऊबही तितकीच महत्त्वाची. दिव्याखालची जागा ४० अंशांच्या आसपास असेल तरच त्याचे अन्न पचते. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सरडा खात नाही तेव्हा दोष अन्नाचा नसून गारठ्याचा असतो. अशा वेळी आधी तापमान बघावे, मग ताट बदलावे.

उरलेले ओले अन्न तासाभरात काढावे. पेटीला, सरड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. सरड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतात. ज्या घरात तान्हे मूल आहे तिथे विशेष जपावे.

आणण्याआधी

एक गोष्ट कायद्याची. आपल्या रानातली घोरपड (उडा), सरडगुहिरा, सांडा असे प्राणी पकडणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांपैकी जे आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत, उदाहरणार्थ हिरवा इग्वाना, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. कुठलाही प्राणी घेताना कागदपत्रे मागावीत आणि ती न दाखवणाऱ्याकडून घेऊ नये.

दुसरी गोष्ट मनाची. जिवंत किडा नको, एवढेच म्हणणे असेल तर मिश्राहारी प्रौढ सरड्यापुरता वर सांगितलेला मार्ग आहे. किड्याचे नावच नको असेल तर कीटकभक्षी प्राणी आणू नये. त्याला शाकाहारी करण्याचा हट्ट म्हणजे हळूहळू उपासमार. इग्वाना शाकाहारी खरा, पण तो शेपटीसह दीड-दोन मीटर वाढतो, त्याला पेटी नव्हे, खोलीच लागते. दाढीवाला सरडाही दहा-बारा वर्षे जगतो. आज नववीत असलेले मूल तोवर शिकून, नोकरी धरून कुठल्या कुठे गेलेले असेल आणि वाटी भरण्याचे काम आई-अज्जीकडेच आलेले असेल.

म्हणून मुलाने सरडा मागितला तर ‘शी, पाल कसली पाळतोस’ म्हणून झिडकारू नका आणि लगेच दुकानातही जाऊ नका. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः ज्येष्ठांना, एकत्र बसवा आणि त्या प्राण्याचे ताट आधी मांडून बघा. ते ताट पुढची दहा वर्षे कुणाच्याही मनाला न टोचता वाढता येणार असेल, तरच पेटीचे दार उघडा.